कोपऱ्यातली सही

प्रिय भांडखोरा,

घशातल्या नळीमुळे तुला बोलता येत नाही, आणि उलट उत्तर न देणाऱ्याशी भांडायची मला सवय नाही. म्हणून लिहितेय. उपचार पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे, हे आज डॉक्टरीणबाईंना सांगायचंय.

चाळीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण इंग्रजी-मराठी कोशाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. नियम तुझाच. डाव्या कोपऱ्यात तुझी सही, उजव्या कोपऱ्यात माझी, आणि दोन्ही असल्याशिवाय चिठ्ठी पेटीत जायची नाही. अडली तर बिस्किटांच्या डब्यात. आज सकाळी तो डबा उघडला, तर आधी हाताला लागलं 'टूथ अँड नेल'! तू लिहिलं होतंस, 'दातओठ खाऊन'. मी खोडलं. म्हटलं, अहो कोशकार, दातओठ माणूस रागाने खातो, हे जिवाच्या आकांताने झुंजणं आहे. तीन दिवस अबोला, चहासुद्धा ज्याचा त्याने. तेव्हापासून तू मला खोडरबर म्हणायला लागलास. जोरदार भांडणासाठी वापरतात त्या 'हॅमर अँड टाँग्ज'च्या वेळी तर शेजारीण घाबरून धावत आली, आणि तू तिलाच बसवून विचारलंस, की आमच्या या भांडणाला तुम्ही काय म्हणाल? ती म्हणाली, कडाक्याचं. तू तिथल्या तिथे सही ठोकलीस. किती हसलो होतो आपण.

तू आजारी पडलास आणि या चिठ्ठ्यांवरचं झुंजणं-भांडणं मी खरंच करत सुटले. आता उपयोग नाही म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या मी हात धुऊन मागे लागले. अजून एक औषध, अजून एक सुई, अजून एक नळी. आईने जिवाचं रान केलं, असं लेक सगळ्यांना सांगते. माझ्या जिवाचं कसलं डोंबलाचं रान! सुया तुझ्या हातात शिरत होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी तू खुणेने पेन्सिल मागितलीस आणि चिठ्ठी लिहून दिलीस. 'आता पुरे. घरी ने.' डाव्या कोपऱ्यात तुझी थरथरती सही. उजवा कोपरा मोकळा. मी ती घरी आणली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. अडलेली म्हणून! तुझं एवढं एक मागणं मी वादातल्या शब्दासारखं बाजूला सारलं आणि पुढच्या औषधांना होकार देत राहिले. तुझे हात काळेनिळे पडले. रोज मी आले की तू आधी माझ्याकडे बघायचास, मग माझ्या पिशवीकडे, सही झालेली चिठ्ठी आणलीय का म्हणून. मला कळत होतं रे. सगळं कळत होतं. तुझ्याशिवाय मी भांडू कुणाशी, एवढंच माझं म्हणणं होतं. चुकले मी.

तोंडाने सांगायला गेले असते तर मीच पुन्हा वाद घातला असता, म्हणून हे पत्र तुझ्या हातात देतेय. घरी तुझा पलंग आपल्या टेबलाशेजारी हलवलाय. दुपारी लेक गाडी घेऊन येईल, आपण घरी जाऊ. सोबत तुझी चिठ्ठी जोडली आहे. उजव्या कोपऱ्यात बघ, सही केली आहे. शाईने केली आहे. पेन्सिलीने केली असती तर माझा काही भरवसा नव्हता.

तुझीच,
खोडरबर