वरून पांढरं, खालून तपकिरी

३ मार्च, मंगळवार

...आणि कारण तापमान तर नाहीच! तीन थर्मामीटर लावून बघितले, तिन्ही सव्वीस. सॅलिनिटी, म्हणजे पाण्यातलं मीठ, परफेक्ट. सकाळी पाणीपण बदललं. तरी माझ्या माशांच्या टाकीतलं कोरल कालपेक्षा पांढरं!! त्याचा रंग म्हणजे त्याच्या आत राहणारं बारीक शेवाळ. त्रास झाला की कोरल ते बाहेर टाकतं, आणि मग उपाशी मरतं. हातात एक आठवडा. फार तर दोन.

आई म्हणते, "समुद्र घरात आणलास ना? मग भरती-ओहोटीपण तूच बघ." हसू आलं नाही.

४ मार्च, बुधवार

परत पाणी बदललं. पाठ गेली कामातून. ट्रिप कॅन्सल केली. मैत्रीण म्हणाली, "लोक मांजर पाळतात गं, तू दगड काय पाळतेस!" प्राणी आहे तो! पण समजावायची ताकद नाही. कॉलेज, टाकी, कॉलेज, टाकी. हॉलमधून बाहेर पडलं तरी लक्ष टाकीतच.

६ मार्च, शुक्रवार

सापडलं!! अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातल्या काकांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन — "अगं, पाण्याच्या काय हात धुऊन मागे लागलीयेस! नीट बघ. वरून पांढरं, खालून सावलीत तपकिरी. पाणी काय फक्त वरच्या बाजूलाच लागतं? लाइट जास्त झालाय त्याला."

पण लाइट तर मी चाळीस टक्क्यांवर सेट केलाय! लाइटच्या अ‍ॅपमधली हिस्टरी उघडली. सोमवार ते शुक्रवार, रोज सव्वाअकरा ते दीड — शंभर टक्के. कोणीतरी बटण दाबून केलेलं. शनिवार-रविवार मी घरी असते, तेव्हा नाही.

त्या वेळी घरात एकच माणूस असतं. पपा. सकाळची मुलं शाळेत पोचवायची, स्कूलबस लावायची, घरी येऊन जेवायचं, मग दुपारची फेरी.

उद्या भांडण!

७ मार्च, शनिवार

भांडण झालं नाही.

आधी म्हणाले, "मी कशाला हात लावू?" मग म्हणाले, "अगं, तो केशरी मासा सापडत नाही मला. अंधारच असतो तुझ्या टाकीत."

अंधार? मी डोळे बारीक करून बघते त्या लाइटकडे!

"पपा, समोर तर आहे."

ते काचेच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघून हसले. "हां हां, दिसला."

मासा तिथे नव्हता.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. टीव्हीचा आवाज वाढवला आणि हळूच म्हणाले, "आईला बोलू नकोस. पुढच्या महिन्यात लायसन्सचं मेडिकल आहे. एक ओळखीचा डॉक्टर आहे, होऊन जाईल. रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिलीत गं."

मी हो म्हणाले. का म्हणाले?

८ मार्च, रविवार

लाइट वीसवर आणला, अ‍ॅपमधून बटण लॉक केलं. काका म्हणतात, वाचेल. महिनाभर लागेल, पण रंग परत येईल.

आनंद व्हायला हवा होता.

९ मार्च, सोमवार

पावणेसहाला पपा किल्ली घेऊन निघाले. बसमध्ये अडतीस मुलं बसतात. शाळेला फोन केला तर पपांची नोकरी जाईल, नाही केला तर — पुढे लिहवत नाही. नंबर काढून ठेवलाय. साडेसात वाजलेत, बस अजून रस्त्यावर असेल. तू सांग, लावू का?