छप्पर फोडणारे चौघे

सोमवार, ४ मार्च
मांडीचं हाड मोडलं! चर्चमधलं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, मला बघवेना. शनिवारी स्टुलावर चढलो. घड्याळ बरोबर झालं, मी आडवा. पाळक साहेब भेटायला आले. म्हणाले, "घड्याळ मात्र छान चालतंय हं!"

येत्या रविवारी प्रवचन माझंच आहे. इस्पितळाच्या खाटेवरून फोनवर द्यायचं, तिकडे चर्चमध्ये ते स्पीकरला लावणार. विषय सोपा आहे. पांगळ्या माणसाला चौघे उचलून आणतात, दाराशी गर्दी, म्हणून छप्पर फोडून येशूपुढे खाली सोडतात. विश्वास बघून येशू त्याला बरं करतो. बायबलच्या वर्गात तीस वर्षं शिकवतोय. झोपेतही सांगेन.

मंगळवार, ५ मार्च
शेजारच्या खाटेवर एक गवंडी आहे. परांचीवरून पडलाय, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळं. माझी तालीम ऐकून म्हणाला, "मास्तर, छप्पर दुरुस्त कोणी केलं?"
मी म्हटलं, "तो मुद्दा नाही."
"घराच्या मालकाला विचारा मुद्दा आहे की नाही!"
अडाणी माणूस.

बुधवार, ६ मार्च
गवंडी सकाळी सहालाच सुरू. "मास्तर, मालकाने तक्रार केल्याचं लिहिलंय?"
"नाही."
"बघा! देवाला घरी बोलावलं, डोक्यावरचं छप्पर गेलं, पाहुण्यांच्या डोक्यात माती पडली, तरी हू की चू नाही. खरा भक्त तोच."
मी चष्मा पुसत बसलो. पुष्कळ वेळ पुसला.

गुरुवार, ७ मार्च
सिस्टर नमाज पढून ड्यूटीवर येते. चादर बदलता बदलता म्हणाली, "सर, पेशंट चौघांनी उचलायचा म्हणजे चार कोपरे. एकाने घाई केली की पेशंट खाली. आणि इथे तर दोराने सोडायचा! चौघांचा हात एकसारखा चालला, माझ्या मते चमत्कार तिथेच सुरू झाला."
उत्तर द्यायला तोंड उघडलं, तिने त्यात थर्मामीटर घातला.

शुक्रवार, ८ मार्च
मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. देवाधर्माचं वावडं, पण डबा न चुकता आणतो. गवंड्याने त्यालाही गोष्ट ऐकवली! (माझ्यापेक्षा चांगली सांगितली.)
मेहुणा म्हणाला, "दाजी, येशूने कुणाचा विश्वास बघितला?"
"त्या चौघांचा."
"आणि खाटेवर पडलेल्याचा?"
पुस्तक काढलं. तीनदा वाचलं. पडलेल्याच्या विश्वासाचा शब्द नाही!
"मग विश्वास उसना चालतो तर," म्हणाला आणि डबा धुवायला गेला.
राग आला. जेवलो मात्र सगळं.

रविवार, १० मार्च
प्रवचन झालं. झालं म्हणजे काय, फजिती! लिहून ठेवलेलं वाचत होतो तोच शेजारून आवाज, "मास्तर, मालकाचं राहिलं!" तिकडे अख्खं चर्च हसलेलं फोनवर ऐकू आलं. कागद बाजूला ठेवला. गवंड्याचं सांगितलं, सिस्टरचं सांगितलं. मेहुण्याचं सांगताना मध्येच पाणी मागितलं. प्यायलो, मग पुढचं सांगितलं.
पाळक साहेबांचा नंतर फोन, "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी पेंगलं नाही."
स्तुती की टोमणा, कळेना.

सोमवार, ११ मार्च
हाड नीट बसलेलं नाही. उद्या उघडून आत धातूची पट्टी घालणार. डॉक्टर म्हणाले, "वय बघता थोडी जोखीम आहे."

मंगळवार, १२ मार्च
वाचलो. हे कुणालाच माहीत नव्हतं – बायको गेल्यापासून, दोन वर्षं, मला प्रार्थनाच येत नाही. वर्गात म्हणतो ती पाठ केलेली. आज ऑपरेशनला नेताना तीही आठवेना. मेहुण्याला सांगून टाकलं.

तो गोंधळला. मग माझा हात धरून, वर छताकडे बघत म्हणाला, "नमस्कार. मी याआधी कधी आलो नाही. यांच्यासाठी आलोय."

मी आमेन म्हटलं.