गुणाबाईच्या खोलीच्या खिडक्या

लातूर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. शिल्पास रामलिंगकाकाचे अ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या गुणाकाकूला डॉक्टरला दाखवलं. त्यानं मेंदूचा फोटो काढला, अल्झायमर म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढं शिकून रोग समजावता येत नसेल तर ते शिक्षण चुलीत घाला. मी सातवी शिकलो, पण चाळीस वर्षं तेलमिलमध्ये वास घेऊन तेल पास केलं. मी पास केलेला तेलाचा डबा कधी परत आला नाही. तू नांदेडला पेशींवर संशोधन करतेस म्हणे. मग सांग, हिच्या डोक्यात काय बिघडलं? काल हिनं मला विचारलं, पाहुण्यांना चहा कधी द्यायचा. घरात आम्ही दोघंच होतो. ती मला पुरती विसरायच्या आत काहीतरी करायचं आहे.

लोभ असेल तर उत्तर लवकर दे.
रामलिंग

नांदेड, ९ नोव्हेंबर

ती. काकांस शिल्पाचा शि. सा. न.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. मेंदूत चरबी भरपूर, आणि अंगातल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्यातून जहाल कण निघतात आणि चरबी आतून खवट करतात, करडईच्या तेलासारखी. निरोगी पेशी ही घाण साफ करते. त्याचे हुकूम तिच्या जनुकांत लिहिलेले असतात. या आजारात ते पुसले जात नाहीत, पण त्यातले काही वाचलेच जात नाहीत. नको ते मात्र मोठ्यानं वाचले जातात. घाण साठते, पेशी मरतात. हे एकच कारण नाही, आणि आजार उलटवणारं औषध अजून नाही. जाहिरातीतल्या गोळ्यांच्या नादी लागू नका.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी ठेवा.
शिल्पा

लातूर, १९ नोव्हेंबर

चि. शिल्पास अ. आ.

आता समजलं. कामगार हजेरीवर, मुकादम झोपलेला. आमच्या मिलमध्ये असला मुकादम एक दिवस टिकला नसता. आणि तुम्ही एवढे शिकलेले, तेल खवट होतंय कळल्यावर डबा कसा ठेवावा हे एकालाही सुचू नये? हवा बंद, उजेड बंद. किराणावाल्यालाही ठाऊक असतं. मी काकूच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दार बाहेरून लावून फटीत फडकी कोंबली. आज पाचवा दिवस. शेजारची केवळाबाई म्हातारा येडा झाला म्हणून गल्लीत सांगत फिरते. तिला भाजीत मीठ कळत नाही, मेंदू काय कळणार. काकू आतून कडी हलवून राहिली आहे. हलवू दे. टिकली म्हणजे झालं.

काकावर विश्वास असू दे.
रामलिंग

नांदेड, २२ नोव्हेंबर

ती. काकांस शि. सा. न.

पोस्टाची वाट बघवत नाही. या पत्राचा फोटो केवळाबाईंच्या मोबाइलवर पाठवते, त्या वाचून दाखवतील. आधी फळ्या काढा. ती खराबी पेशीच्या आत होते, खिडकीतून येत नाही. अंधारात काकूचा गोंधळ आणि भीती वाढते. तिला ऊन, चालणं, माणसं हवीत. त्यानं ती बरी होणार नाही, पण दिवस बरे जातील. तेलाचा दाखला देऊन मी चुकले, आणि तुमची अक्कल त्याहून चुकली. सगळ्या जगाला अडाणी म्हणणाऱ्या माणसाला बायको आणि डबा यांतला फरक कळू नये?

रागावून लिहिलं तरी तुमचीच.
शिल्पा

लातूर, २४ नोव्हेंबर

चि. शिल्पास आशीर्वाद.

तुझं पत्र केवळाबाईनं गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. अक्कल काढलीस ते दोनदा वाचलं. मी फळ्या काढल्या.

काकू उन्हात जरा वेळ उभी राहिली, मग केवळाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. मी जवळ गेलो तर तिनं सरकून जागा केली आणि हळूच म्हणाली, त्या घरातला म्हातारा बायकोला कोंडून ठेवतो, बिचारीला कुणी विचारत नाही. तुम्ही भले दिसता, त्याला जरा समज द्या. मी म्हणालो, आजच देतो. तिला बरं वाटलं. तिनं माझं नाव विचारलं. मी रामलिंग सांगितलं. ते ऐकून ती लाजली, डोक्यावर पदर घेतला, आणि घरधनी यायची वेळ झाली म्हणून उठली. वाट दाखवायला मी पुढं झालो, तर परक्या माणसाच्या मागं येणार नाही म्हणाली. मग मी मागं राहिलो. घर तिला बरोबर सापडलं.

सवडीनं येऊन जा. या मूर्खावर लोभ ठेव.
रामलिंग