बाबांचं लागत नाहीये

बाबा,

तुमचा आवाज आता कुठेच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, पण तेव्हा तो गेला नव्हता. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमधून एक रिटायर्ड काका लेखकांचे आवाज ऑनलाइन ठेवतात. प्रत्येकानं आपलंच पुस्तक आपल्याच तोंडानं वाचायचं, दुसऱ्या कुणी नाही, असा त्यांचा नियम. त्यात तुम्ही होतात. तुमचं एकुलतं एक पुस्तक, पहिल्या गोष्टीपासून शेवटच्या गोष्टीपर्यंत. ते मी काढून टाकायला लावलं. एका फोनवर, रागात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला चांगला समजणार नाही. वाचणार तरी कुठे आहात म्हणा.

रेकॉर्डिंगचे दिवस मला आठवतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, आणि काकांनी आठवडाभरासाठी आणून दिलेला तो छोटा रेकॉर्डर. तुमची प्लांटमध्ये शिफ्ट ड्युटी, त्यामुळे आवाज न करणं हाच आपल्या घरातला मोठा संस्कार. बाबा झोपलेत, बाबा आत्ता उठलेत, बाबांना परत जायचंय. माझं अर्धं लहानपण टाचा उचलून चालण्यात गेलं. त्यात हे वाचन आलं. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा आवाज येतो म्हणून तुम्ही स्वयंपाकघर निवडलंत. खिडकीला गादी उभी लावलीत, फ्रिजची पिन काढलीत, आईला बजावलंत की कुकर लावायचा नाही, आणि मला जिन्यात बसवलंत. प्लांटचा भोंगा झाला की तुम्ही थांबायचात आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचात, एवढं मला बाहेरून कळायचं. शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण. एकदा तहान लागली म्हणून मी आत आलो आणि माठावरचं झाकण हातातून पडलं. तुम्ही उठलात. मारलं नाहीत, तेवढं खरं. दंडाला धरून मला बाहेर ठेवलंत, भांडं ठेवावं तसं, आणि म्हणालात, "या घरात माणसाला एक तास मिळू नये?" दार लागलं. थोड्या वेळानं ती गुणगुण पुन्हा सुरू झाली, इतकी मऊ, की मला वाटलं आत दुसराच कुणी माणूस आहे.

मग तुम्ही गेलात. ते लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही जेलरोडला दोन खोल्यांत आलो, आई साड्यांना फॉल-पिको करायला लागली आणि मी वाढत गेलो, बहुतेक तुमच्यासारखाच, कारण नाकावरचा राग कुठून आला ते आईला कधी विचारावं लागलं नाही.

कॉलेजात एक मुलगी होती. पंचवटीतली. घरात भिक्षुकी, वडील गोदाकाठी यजमानांची श्राद्धं करतात, आणि ही मोठ्यानं हसणारी, कुणालाही गाढव म्हणणारी. ती मला आवडायची असं म्हणणं म्हणजे बॉयलरजवळ जरा ऊब असते असं म्हणणं. कॉलेज सुटलं की ती त्या काकांकडे जायची, प्रत्येक पुस्तकासाठी चार ओळींची ओळख लिहून द्यायला. एक दिवस कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकावर तिनं माझ्या कानात इअरफोन कोंबला. "ऐक. बोलू नकोस काही, नुसतं ऐक." आणि तुम्ही सुरू झालात. शिफ्टवरून आलेला तुमचा आवाज नव्हता तो. दाराआडचा तो मऊ आवाज, पहिल्यांदाच शब्दांसकट. मी इअरफोन काढला.

"काय झालं?"

"हे माझे बाबा आहेत."

"चल, फेकू नकोस."

"आडनाव बघ."

तिनं फोन बघितला, मला बघितलं आणि पाठीत असा गुद्दा घातला की झेरॉक्सवाला वळून बघायला लागला. "गाढवा! आणि मला सांगितलं नाहीस?" तिचे डोळे भरले होते, बाबा. मला वाटलं, झालं, जमलं. प्लांटमध्ये बाप गेला की पोराला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते ना, तसं तुम्हाला मिळालेलं प्रेम माझ्या नावावर होईल, असं वाटलं मला.

झालं उलटंच. ती भेटली की तुमचंच. "काल परत ऐकली ती तिसरी गोष्ट. किती शांत रे! असा माणूस घरात असला तर ते घर कसं असेल!" मी म्हणायचो, घरात तसे नव्हते. "म्हणजे कसे?" म्हणजे आम्हाला जिन्यात बसायला लागायचं. यावर ती खो खो हसली, तिला तो विनोद वाटला. आणखी काय सांगणार? रोज कुणीतरी माझ्याच बाकावर येऊन बसतंय, माझ्या आणि तिच्या मध्ये, आणि ते मेलेलं आहे, त्यामुळे त्याला उठ म्हणता येत नाही. मेलेला माणूस ओरडत नाही, सबमिशन चुकवत नाही. मी रोज चुका करत होतो आणि तुम्ही रोज तेच, तसंच, गोड वाचत होतात.

मग लॅबमध्ये माझं सरांशी वाजलं. मुद्दा त्यांचाच चूक होता, पण मी फाइल भिरकावली ती त्यांच्या चहाच्या कपावर गेली, आणि मुद्दा राहिला बाजूला. माफीनामा लिहून दे म्हणाले. मी कॉलेजात जाणंच सोडलं. ती जेलरोडला आली, आमच्या कोपऱ्यावर स्कूटी लावून उभी राहिली.

"दोन ओळी लिही आणि विषय संपव."

"नाही लिहिणार."

"आई दिवसभर वाकून साड्या शिवते तुझी."

"तिला मध्ये आणू नकोस."

"तुझे बाबा असते तर असे वागले असते?"

मी तिला तिथंच सोडलं. गल्लीच्या आत गेलो आणि काकांना फोन लावला. मी त्यांचा मुलगा बोलतोय, ते वाचन काढून टाका. ते म्हणाले, "आमचं काही चुकलं का?" म्हटलं, घरच्यांना नकोय. "आईंना विचारलंत?" विचारलंय. मग म्हणाले, "बरं. तुमच्या घरचा आवाज आहे." संध्याकाळच्या आत तुम्ही गेलात. तिला दुसऱ्या दिवशी कळलं. फोनवर ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "इतका राग होता तर मला ब्लॉक करायचंस ना रे. त्यांना का?" आणि मग तिनंच मला केलं.

आता मी पंचवटीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. जेलरोडला दुकानं नव्हती असं नाही. ती जाते त्या रस्त्यावर हेच एक होतं. दुकान जवळ आलं की ती हेल्मेटची काच खाली ओढते. पुढे भाजीबाजाराच्या वळणावर पुन्हा वर करते, ते मला इथून दिसतं. मी तिकडेच बघत बसलो की मालक म्हणतो, "स्क्रीन बदलायला दिलीय, रस्ता नाही."

तुमच्यावरचा राग तरीही गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. गेलं ते बरंच झालं असं मी स्वतःला सांगत होतो. मग एका दुपारी जेवायला घरी आलो तर आई फोन घेऊन दारात. "अरे बघ ना, बाबांचं लागत नाहीये. नेट गेलंय का?"

मला आधी कळलंच नाही. "बाबांचं काय?"

"त्यांचं वाचन रे. फॉल लावताना लावते मी. त्या काकांनीच लिंक घालून दिली होती फोनमध्ये."

"कधीपासून ऐकतेस?"

"ते गेले तेव्हापासूनच की," ती म्हणाली, जणू मी पोळ्या कधीपासून करतेस असं विचारलं होतं. "तू शाळेत असायचास."

तसाच उपाशी गंगापूर रोडला गेलो. काकांनी दार उघडलं, मी ओळख दिली, आणि उभ्या उभ्याच म्हणालो, परत लावा. ते म्हणाले, "काढलं म्हणजे काढलं, बाळा." बॅकअप असेल. "घरचे सांगतात तेव्हा तोही पुसतो. लेखकाला तसा शब्दच दिलेला असतो, की तुमच्या माणसांना नको झालं तर आमच्याकडे लपवून काही राहणार नाही. तुझ्या बाबांनाही दिला होता." मग रेकॉर्डर? तो तुमच्यानंतर कितीतरी जणांच्या घरी जाऊन आलेला. मी ओरडायला लागलो. कसली लायब्ररी ही, म्हटलं, एका पोराच्या फोनवर माणूस पुसून टाकता, आईला एक फोन करता येत नव्हता? त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू विचारलंय म्हणालास. मी विश्वास ठेवला." पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "तुझे बाबा रेकॉर्डर परत द्यायला आले तेव्हा असेच तापले होते. मुलाच्या शाळेत कुणाशी तरी वाजलं होतं त्यांचं." मी पाणी न पिता निघालो.

दुकानात मेलेले फोन येतात, त्यातले काही मी जिवंत करतो. लोक म्हणतात, फोटो गेले तरी चालतील, अमक्याचे व्हॉइस मेसेज तेवढे काढा. त्या कॉलेजातल्या मुलीकडे तुमचं वाचन उतरवून घेतलेलं असेल का हेही दुसऱ्याच्या फोनवरून विचारून बघितलं. "नाही रे," ती म्हणाली. "असं काही जाईल हे डोक्यातच नव्हतं." तेवढंच. त्या "रे"वर मी चार दिवस काढले.

आईला मी सांगितलंय की काकांकडे दुरुस्तीचं काम चालू आहे, लवकरच सुरू होईल. रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो. काल दुपारी तिनं विचारलं नाही. मांडीवर साडी, फोन शेजारी पालथा. मी जेवत होतो. म्हणाली, "शेवटची गोष्ट संपते ना, तेव्हा ते बंद करायला विसरलेत. खुर्ची सरकते, दाराची कडी वाजते आणि तुला हाक मारतात. ऐकलंयस ना ते?"

मी हो म्हटलं.

"मी त्यासाठीच लावायचे रे. गोष्टी काय, पाठच झाल्यात." तिनं दातानं दोरा तोडला. "पण ते आता कानातून जायला लागलंय. तुझा आवाज अगदी त्यांच्यासारखा झालाय. जरा म्हणून दाखव ना, कसं म्हणतात ते."

बाबा, झेरॉक्सवाल्याच्या बाकावर ऐकली त्या दोन-चार वाक्यांपलीकडे मी तुम्हाला कधी ऐकलंच नाही. ती हाक कसली होती? नाव घेतलंत, की "कार्ट्या" म्हणालात? रागावून, की वाचताना असायचा त्या आवाजात? मी आलो का? त्या दिवशी मी कुठे होतो तेही मला आठवत नाही. आई सुई धरून वाट बघत होती. मी म्हटलं, दुकानात उशीर होतोय, आणि हात धुवायलाही थांबलो नाही.

हे पाकिटात घालून वर पत्ता काय लिहू? ती हाक कशी होती हे आईला विचारलं तर ती सांगेल, सांगायला ती टपूनच बसलीय. पण आता विचारता येत नाही. हो म्हणून बसलोय.