गेल्या सात दिवसांत काम केलं का?

सोम. १४ नोव्हें. २००५
सर्वेक्षणाचं काम पुन्हा सुरू. कामावर किती, बेकार किती, ते मोजायचं. घाटंजीजवळचंच गाव. बायका माझ्याशी मोकळं बोलत नाहीत, म्हणून सौ.ला बरोबर नेलं. तिथंच चुकलं.

शेवटचं घर नामदेवरावांचं. जयभीम झाला. भाव नाही म्हणून कापूस समोरच्या खोलीतच पडलेला. बाजूला खाट, वर नवी चादर. पोहे आले. मी नेहमीचं विचारलं: घरात माणसं कोण, मुलाचं शिक्षण काय, करतो काय, शेती किती. म्हातारा फुलून उत्तरं देत होता. पोरगा म्हणे वणीला खाणीत लागला. मग त्यानंच सौ.ला हळूच विचारलं, "पोरगी कितवी शिकली, बाई?"

आता नवरा-बायको जोडीनं येऊन हेच विचारतात, तर पोरीवाले नाहीत तर कोण? खुलासा केला तेव्हा सौ.च्या तोंडात पोहे. घरी येईपर्यंत हसत होती.

मंगळ. १५
पोरीवाले समजून दिलेली उत्तरं दुरुस्त करायला परत. आज प्रवीण, म्हणजे तो मुलगा, स्वतःच बोलला. खाणबिण काही नाही. बी.ए., बी.एड., वर्षभर अर्ज करकरून घरीच. मागच्या आठवड्यात? एका दुपारी जिनिंगवर कापसाच्या गाड्या खाली केल्या, बस्स.

म्हटलं, मग त्या आठवड्यापुरते तुम्ही कामावर. सात दिवसांत एक तास काम केलं तरी नियमानं बेकार नाही.

"अन् रोज संध्याकाळी विहारात पोट्ट्यायले शिकवतो, ते?"

पैसे घेता का, विचारलं. नाही म्हणाला. मग ते धरत नाहीत.

मग म्हणाला, "म्हंजे मले जे काम वाटते ते काम नाही, अन् जे वाटत नाही ते काम."

नियम मी केलेला नाही, तरी वाईट वाटलं. म्हातारा मात्र खूश. सरकारच म्हणते पोरगा कामावर आहे, असं शेजाऱ्याला सांगत होता.

गुरु. १७
सौ.च्या डोक्यातून पोरगा जाईना. तिच्या भावाची सुजाता, पांढरकवड्याची. तिच्यासाठी कधीची स्थळं पाहणं चालू. मी बजावलं, सर्वेक्षणात ऐकलेलं बाहेर सांगता येत नाही. "कुलूप तुमच्या तोंडाले हाय, माह्या नाही," म्हणाली. शेवटी तडजोड. स्थळ सुचवायचं, कामधंद्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांचं त्यांनी विचारावं. मलाही पोरगा आवडलाच आहे, इथं कशाला खोटं लिहू.

रवि. २०
पांढरकवडा. बापलेक मुलगी पाहायला आले. म्हातारा पुन्हा जुन्या वळणावर, वणीले खाणीत... प्रवीणनं तिथंच अडवलं. "मले नोकरी नाही."

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. स्थळ आम्हीच सुचवलेलं.

सुजाता चहा घेऊन उभी होती. तिनंच विचारलं, मग दिवस कसा जातो. तो विहारातल्या पोरांबद्दल सांगू लागला आणि थांबेचना. चहा निवला.

"पोट्टं चुकलं तं मारता का?"

"नाही. पुन्हा वाचाले लावतो."

मग ती खाली बसली.

निघताना मेव्हण्यानं अंगणात गाठलं. "भाऊजी, तुमचं तं कामच हे. पोरगा बेकार हाय का नाही?"

वर्षाच्या हिशेबानं बेकार, आठवड्याच्या हिशेबानं कामावर, दिवसाच्या हिशेबानं एका दिवशी अर्धा कामावर, बाकी दिवस बेकार. तिन्ही उत्तरं बरोबर. आणि सांगायची सोय नाही. सांगता आली असती तरी पोरीच्या बापाच्या काय कामाची? सुजाताला विचार, एवढंच म्हटलं आणि चपला शोधत बसलो.

सोम. २१
सकाळी मेव्हण्याचा फोन. सुजाता हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विहारातली शिकवणी किती वाजता असते, तेवढं विचारलं म्हणे. सौ.च्या मते हाच होकार. मी म्हटलं, न दिलेलं उत्तर आपण लिहीत नसतो.

कामावर जाता जाता लग्नाकार्यात घालायचा चांगला सदरा इस्त्रीला टाकून आलो.