भावी इंजिनिअर

मुंढवा, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वजीत यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लोणी काळभोर काही लंडन नाही. तरी गणपतीपासून घरी फिरकला नाहीस. फोन केला की 'समजतंय सगळं' म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर वळण लावायला कोणी नव्हतं.

संतोषकाकांनी तुझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावलाय. 'भावी इंजिनिअर', आणि फोटोत तुला काळा गॉगल. अख्खा मुंढवा बघून गेला, तूच तेवढा आला नाहीस. पास होणार ना? हो की नाही, एवढंच लिही. पाल्हाळ नको.

माया आहेच, ती मागून घ्यावी लागत नाही.
आई

लोणी काळभोर
११ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

नाही.

तुला एवढंच हवं होतं, पण पुढचंही ऐक. नव्या मॅडम पेपर जमा करण्याआधी वर कोपऱ्यात लिहायला लावतात, आपल्याला किती मार्क पडतील ते. तीसपैकी बावीस लिहिले, चार पडले. पुढच्या वेळी पाच लिहिले, पाचच पडले. मॅडम म्हणाल्या, शाबास, आता तुला स्वतःचा अंदाज येतोय. वर्ग हसला.

तीन वर्षं मी उत्तरं पाठ करत आलो आणि त्यालाच समजणं म्हणत आलो. आता पुस्तक मिटून स्वतःला विचारतो, तर आत काहीच नसतं. आधी झोप तरी लागायची.

घरी यायचं तर चौकातून यावं लागतं.

राग धरू नकोस, एवढं मागतो.
तुझा विश्वजीत

मुंढवा
१६ ऑक्टोबर

चि. विश्वजीत यास आशीर्वाद.

पाचाला पाच पडले म्हणून शाबासकी देणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकली. तिचं पोर असतं म्हणजे कळलं असतं.

तुझं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि ते जेवणावरून उठले. मी रडले, मग तुला शिव्या घातल्या, त्या इथं लिहीत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास, तेही असलं.

काल शिडी लावून फ्लेक्स मीच उतरवला. काका चारचौघांत ओरडले, पोरगं नापास झालं का वहिनी? म्हटलं, अजून नाही, होणार आहे, आणि ते त्याला तुमच्या आधी कळलंय. आता फ्लेक्स सरपणावर झाकायला टाकलाय, गॉगलसकट.

पुढं काय करायचं ते मला कळत नाही. तुलाही कळत नसेल तर तसंच सांग. 'समजतंय' म्हणालास तर याद राख.

रविवारी ये. चौक मोकळा आहे.

आई