बाबांची मूठ

चोराम कोळसाखाण
४ नोव्हेंबर १९७४

ती. ओक्बुनताईस,
दोक्सूचा प्रभूच्या नावे सलाम. वि. वि.

चार महिने एकाच नोकरीत टिकलोय, हसू नकोस. आठ डिसेंबरला बाबांना जाऊन वर्ष होईल. प्रार्थनेला यावं म्हणतो, पण आई दारात उभं करील का?

बाबांना पुरून आलो त्या संध्याकाळी तिनं रोजच्यासारखं घरातल्या एकेकाचं नाव घेत चर्चला दान द्यायच्या पिशवीत मूठमूठ तांदूळ काढले. बाबांचीही मूठ काढली. मी ती परत पातेल्यात ओतली. म्हटलं, तुझा स्वर्ग आभाळापल्याड, तिथून कोण जेवायला येतंय? निघताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. येऊ का, तिला विचार.

तुझाच, रागावलीस तरी तुझाच,
दोक्सू

वान्दो
१५ नोव्हेंबर

चि. दोक्सू यास,
अनेक आशीर्वाद. चार महिने! खाणीला कुलूप घातलंय की काय?

आईला विचारलं. ती समुद्रातलं खायचं शेवाळ वाळत घालत राहिली. गेलेल्याला मुठीची गरज नसते, असं पाळकसाहेबांनीही तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, ठाऊक आहे, पण घरातलं माणूस मोजायचं राहिलं की मलाच घास उतरत नाही.

काल तुझ्या नावाशी तिचा हात थांबला. म्हणाली, ह्याचा बाप प्रभूपाशी आहे, आणि प्रभू काही ह्या चुलीपासून उठून गेलेला नाही. लांब गेलाय तो हा पोरगा. मग तुझी मूठ जरा मोठीच भरली. दाराचं मात्र मी सांगू शकत नाही.

जीव जपून राहा. माया आहेच, ती सांगायला नको.
ओक्बुनताई

चोराम
२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
प्रभूच्या नावे सलाम.

आज बराकीत स्वयंपाकाची पाळी माझी होती. तांदूळ धुण्याआधी आईची मूठ काढली, मग तुझी. तिसरीला हात अडला. शेवटी बाबा म्हटलंच. ते मागे येऊन उभे राहिले वगैरे काही झालं नाही, खोटं कशाला सांगू? फक्त लांब वाटले नाहीत.

सगळे आधी हसले, बाईमाणूस झालास म्हणाले. मग म्हातारा प्यो हळूच म्हणाला, माझ्या धाकटीचीही काढ, तीन वर्षांची होती. मग एकेक नाव येत गेलं. भात कमी पडला, पण कुणी शिवी दिली नाही. पिशवी फाटकाजवळच्या विधवेला दिली.

सात तारखेला निघतो. आईला सांग, दार नाही उघडलं तरी चालेल. आठच्या संध्याकाळी तांदूळ नि पिशवी तेवढी उंबऱ्यावर ठेव. बाबांची मूठ मी काढीन.

तुमच्या मोजणीत असू द्यावं,
दोक्सू